पासपोर्टवरचा शिक्का आणि रक्ताची पिशवी

फेब्रुवारी २०२५. सांता क्लारातल्या आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये रक्तदानाची बस आली होती. मी दरवर्षी रक्त देते, माझा गट बी पॉझिटिव्ह. हिमोग्लोबिन पाहून झालं, रक्तदाब मोजून झाला, आणि तिथल्या बाईंनी विचारलं, अमेरिका-कॅनडाबाहेर कुठे गेला होतात का, आणि कधी? मी सांगितलं, पुण्याला, लग्नाला. १० जानेवारीला तिथून निघाले. त्यांनी यादी पाहिली आणि १० एप्रिलनंतर यायला सांगितलं. माझ्यामागे आमच्याच टीममधला नागपूरचा मुलगा उभा होता. त्याला इथं येऊन सव्वा वर्ष झालं होतं. त्याला सांगितलं, इथं येऊन सलग तीन वर्षं पूर्ण होऊ देत.

मावशी जानेवारीत माझ्याबरोबरच सहा महिन्यांसाठी इकडे आली होती. मुंबईच्या एका रक्तपेढीत तिनं तंत्रज्ञ म्हणून तीस वर्षं काढली. त्या रात्री जेवणं आटोपल्यावर ओट्याशी उभ्या उभ्या सुरू झालेलं आमचं बोलणं जवळजवळ मध्यरात्रीपर्यंत चाललं. ते इथं लिहून ठेवते आहे, कारण या भागातल्या कितीतरी मराठी घरांत भारतातून परतलेल्या कुणाला तरी हेच उत्तर मिळालेलं असतं, आणि बहुतेकांच्या मनात तो सल तसाच राहून जातो.

मी : मावशी, मला ताप नाही, खोकला नाही. चौदा वर्षं इथं राहते आहे. कोथरूडमध्ये दहा दिवस राहिले म्हणून माझं रक्त वाईट झालं का?

मावशी : वाईट झालं असं कोण म्हणालं? थांबा म्हणाले. मलेरियाचा डास चावल्यापासून ताप यायला आठवडा, दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आधी जंतू यकृतात वाढतो, मग रक्तात उतरतो. मधल्या काळात माणूस ठणठणीत दिसतो. फॅल्सिपेरम, म्हणजे जीव घेणारा मलेरिया, असला तर परत आल्यावर बहुधा तीन महिन्यांच्या आत उघड होतो. म्हणून ते तीन महिने.

मी : २०२० च्या एप्रिलपर्यंत हेच बारा महिने होते. कोविडमध्ये रक्त मिळेना, तेव्हा इथल्या एफडीएनं बाराचे तीन केले. जंतू तर बदलला नव्हता. बदलली ती गरज. मग नियम विज्ञानावर चालतो की टंचाईवर?

मावशी : दोन्हींवर चालतो, आणि त्यात गैर काही नाही. एका पारड्यात मलेरियाचा धोका असतो, दुसऱ्या पारड्यात रक्त न मिळाल्यामुळे होणारं नुकसान. दुसरं पारडं जड झालं की पहिल्याकडे पुन्हा नीट बघावंच लागतं. तसं बघितलं तेव्हा दिसलं, की तीन महिन्यांतही बहुतेक धोका टळतो.

मी : पण देशाचं नाव ऐकून निर्णय घेणं मला पटत नाही. भारतात २०१५ मध्ये मलेरियाचे अकरा लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले होते. २०२३ मध्ये तो आकडा सव्वादोन लाखांच्या आसपास आला. त्यातही गडचिरोलीचं जंगल वेगळं आणि कोथरूडची सोसायटी वेगळी. इथल्या नकाशावर मात्र हिमालयातला उंच भाग सोडला तर सगळा भारत एकाच रंगात.

मावशी : गडचिरोलीला धोका कितीतरी जास्त, हे खरंच आहे. पण शहराला तू फार सरळ समजतेस. मुंबईत मलेरिया पसरवणारा डास, स्टिफेन्सी, घाण गटारात वाढत नाही. त्याला स्वच्छ पाणी लागतं. गच्चीवरची उघडी टाकी, बुजवायची राहिलेली विहीर, बांधकामाच्या स्लॅबवर साठवलेलं पाणी. इमारती वाढल्या तशी त्याची घरं वाढली. २०१० च्या पावसाळ्यात मुंबईची रुग्णालयं मलेरियानं भरली होती, ती काही जंगलातल्या लोकांनी नव्हे. बसमध्ये बसलेल्या बाईंनी तुझ्या सोसायटीच्या टाकीचं झाकण कसं तपासायचं?

मी : झाकण तपासू नयेच. माझं रक्त तपासावं. तुम्ही मुंबईत हेच करत होता ना? भारतात प्रत्येक पिशवीची मलेरियासाठी तपासणी होते. एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही काविळी, सिफिलिस आणि मलेरिया, या पाच चाचण्या कायद्यानं सक्तीच्या आहेत. इथं मलेरियाची सक्ती नाही. इथं फक्त विचारतात.

मावशी : मग मी काय करत होते ते नीट ऐक. काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब घ्यायचा. दुसऱ्या काचेच्या कोपऱ्यानं तो गोल फिरवत पैशाएवढा पसरायचा. तो किती जाड हवा? खाली वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं जेमतेम वाचता यावीत इतका. वाळला की रंग द्यायचा. मग तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा आणि एकेक क्षेत्र सरकवत जायचं. शंभर क्षेत्रं, दोनशे क्षेत्रं. सगळीकडे पांढऱ्या पेशी, बिंबाणू, रंगाचे खडे. आणि त्यांत कुठेतरी निळसर कडं आणि त्यावर लाल-जांभळा ठिपका, अंगठीत खडा बसवावा तसा. तो दिसला की पिशवी बाद.

मी : म्हणजे सापडतो.

मावशी : भरपूर असला तर सापडतो. एका मायक्रोलिटरमध्ये पन्नासेक जंतू असले तर रोजच्या कामात सरावलेल्या डोळ्याला दिसतात. त्याहून कमी असले तर नजरेतून सुटू शकतात. आता हिशोब कर. मायक्रोलिटरला एकच जंतू असेल तर माझी काच म्हणणार, रक्त स्वच्छ. आणि साडेतीनशे मिलिलिटरच्या पिशवीत असतील साडेतीन लाख. पेशंटला मलेरिया व्हायला त्यातले मोजके पुरतात. त्यात पिशवी असते चार अंशांवर. बाकी कितीतरी गोष्टी थंडीत मरतात, हा दोन-अडीच आठवडे तग धरू शकतो. पुढं झटपट किट आली. त्यांनी काम हलकं झालं, पण अगदी थोडे जंतू त्यांच्याही हातून निसटतात.

मी : ती तुमच्या वेळची साधनं होती. मार्च २०२४ मध्ये इथल्या एफडीएनं रक्तदात्यांसाठी मलेरियाची पहिली रेण्वीय चाचणी मंजूर केली. ती जंतू डोळ्यांनी शोधत नाही, त्याचा आरएनए आणि डीएनए शोधते. माणसाला होणाऱ्या पाचही जातींचा. आणि ही चाचणी रॉश कंपनीच्या ज्या विभागाची आहे तो प्लेझंटनला आहे, आपल्या घरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर. इतक्या जवळ उत्तर असताना मला प्रश्न विचारून परत पाठवतात, याचा त्रास होतो.

मावशी : चाचणी चांगली असणार. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तू प्रश्नाला कमी लेखतेस, ते मला चालत नाही. तो प्रश्न पेशंटच्या वतीनं विचारलेला असतो. ऑपरेशनच्या टेबलावरची बाई तुला विचारू शकत नाही, की गेल्या महिन्यात तुला थंडी वाजली होती का.

मी : इथं असे किती रुग्ण झाले ते मी आज शोधलं. १९६३ ते १९९९ या काळात अमेरिकेत रक्तातून मलेरिया झाल्याच्या ९३ घटना नोंदल्या गेल्या. सदतीस वर्षांत ९३. आणि २००० नंतर तर सरासरी वर्षाला एकही नाही. लाखो पिशव्यांमागे एवढंच.

मावशी : आणि त्या ९३ मधले दगावले किती?

मी : दहा.

मावशी : नवांत एक. मुंबईत रक्त चढवलेल्या पेशंटला ताप आला तर पहिल्या दिवशी मलेरियाची काच काढतात. इंटर्नसुद्धा विसरत नाही. इथं पेशंट कधी देशाबाहेर गेलेला नसतो, मग डॉक्टरांच्या डोक्यात मलेरिया येणार कुठून? आधी जखम बघतील, फुप्फुसं बघतील, अँटिबायोटिक बदलतील. तोवर फॅल्सिपेरम मेंदूत गेलेला असतो. आणि रक्त चढतं कुणाला? कॅन्सरचं औषध चालू असलेल्याला, नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला. जिथं मलेरिया कमी, तिथं तो जास्त घातक, कारण त्याला कुणी ओळखत नाही.

मी : हे मला माहीत नव्हतं. पण ९३ घटनांच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. ज्या दात्यांची पूर्ण माहिती मिळाली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त, साठ टक्क्यांच्या वर, दात्यांना तेव्हाच्या नियमांनी थांबवायलाच हवं होतं.

मावशी : म्हणजे नियम तोकडा पडला नव्हता. प्रश्न नीट विचारला गेला नाही, नाहीतर उत्तर खरं आलं नाही.

मी : तेच मी म्हणते आहे. प्रश्नावर सगळा भार टाकला की तो असा कोसळतो. माणूस विसरतो. पंचवीस वर्षांपूर्वी गावी आलेला ताप मलेरियाचा होता हे त्याला माहीतही नसतं. मलेरिई नावाची जात तर रक्तात अगदी थोड्या संख्येनं कित्येक वर्षं, दशकं राहू शकते. तीन वर्षांची अट तिला कुठून पकडणार? आणि २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये जे लोक मलेरियानं आजारी पडले, ते देशाबाहेर गेलेच नव्हते. त्यांना तिथलाच डास चावला. कॅलिफोर्नियातही झालंय असं. १९५२ मध्ये नेवाडा सिटीजवळ लेक व्हेराच्या काठी मुलींच्या शिबिरावर मलेरिया पसरला, पस्तीस जण आजारी पडले. कोरियाच्या युद्धातून परतलेला एक सैनिक त्या तळ्यावर येऊन गेला होता. त्या मुलींना प्रवासाचं विचारून काय कळलं असतं?

मावशी : हं. हे बरोबर आहे.

मी : आणि व्हायवॅक्स जातीचा जंतू यकृतात महिनोन् महिने झोपून राहतो. तीन महिने संपल्यावर जागा झाला तर?

मावशी : तीन महिन्यांच्या नियमातली ती फट आहेच. पण तुझी चाचणी तरी झोपलेला जंतू कशी पकडेल? ती रक्त तपासते, यकृत नाही.

मी : तो यकृतात झोपला असेल तर पिशवीत नाही, आणि पिशवीत नाही तर पेशंटला धोका नाही. मी देते ते रक्त, यकृत नव्हे. ज्या दिवशी तो रक्तात उतरेल त्या दिवसाचं रक्त तपासायला हवं.

मावशी थोडा वेळ काही बोलली नाही. मग मान डोलावून म्हणाली, "हा हिशोब मी असा कधी मांडला नव्हता." आणि तिनं स्वतःच पुढं जोडलं, की म्हणूनच रक्तातून मलेरिया झालेल्या पेशंटला यकृतातल्या जंतूंचं औषध द्यावं लागत नाही. डासाच्या चाव्यातून यकृतात जाणारं रूप वेगळं, पिशवीतून येणारं वेगळं. ते यकृताची वाट धरतच नाही.

मी : आता नागपूरच्या मुलाचं सांग. त्याला तीन वर्षं का?

मावशी : जिथं मलेरिया आहे तिथं वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाच्या अंगात थोडी प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. ती जंतूला मारून टाकत नाही, दाबून ठेवते. ताप येत नाही, जंतू मात्र असतो. तुझ्यासारखी चौदा वर्षं बाहेर राहिलेली आजारी पडेल आणि कळेल. तो आजारी न पडता रक्त देऊन जाईल. त्याचा धोका लपलेला, म्हणून त्याची मुदत लांब.

मी : पटतं. पण ती तीन वर्षं सलग हवीत. मध्ये तो आईला भेटायला गेला की मोजणी पहिल्यापासून. दर दिवाळीला घरी जाणारा मुलगा कधीच रक्त देऊ शकणार नाही. हा नियम रंग बघून केलेला नाही, हे मी मान्य करते. गोव्याला सुट्टीला गेलेला गोरा माणूसही तीन महिने थांबतो. पण तो एकदा जातो. आम्ही पुन्हा पुन्हा जातो, कारण आमची माणसं तिथं आहेत. म्हणून भार आमच्यावर जास्त पडतो. आणि नुकसान पेशंटचंही होतं. अमेरिकेत बी गटाचे लोक शंभरात दहाएक. आपल्याकडे जवळपास तिघांतल्या एकाचा बी. या काउंटीत एवढे भारतीय आहेत, सनीव्हेल, क्युपर्टिनो, सगळीकडे. बी गटाचा एवढा मोठा साठा इथं चालत-फिरत असताना त्याला दारातून परत पाठवायचं?

मावशी : आणि बॉम्बे गट विसरू नकोस. १९५२ मध्ये मुंबईत डॉक्टर भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. त्या माणसाला ओ गटाचंही रक्त चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच लागतं. इथं अशा पेशंटला गरज पडली तर दाता बहुधा आपल्यातलाच निघणार, आणि तो नेमका परवाच मुंबईहून परतलेला असणार. आमच्याकडे असा फोन आला की रात्री-अपरात्री पत्ते काढून दात्याच्या घरी माणूस पाठवायचो. थांबवलेल्या प्रत्येक दात्यामागे कुणीतरी थांबलेलं असतं, हे मला तू सांगायला नको.

मी : मग तू माझ्याच बाजूची आहेस.

मावशी : नाही. एक गोष्ट ऐक, मग ठरव. श्रावणातलं शिबिर होतं, कॉलेजच्या मुलांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगा रक्तपेढीच्या दारात आला. म्हणाला, पंधरा दिवसांपूर्वी मला हुडहुडी भरून ताप आला होता, गोळ्या घेतल्यावर उतरला. काल फॉर्मवर लिहिलं नाही. सगळे मित्र देत होते, मी एकटा मागे राहिलो असतो. त्याची काच मीच बघितली होती, स्वच्छ म्हणून सही केली होती. पिशवी अजून फ्रिजमध्ये होती. ती बाजूला काढली, काच पुन्हा लावली. तीनशे क्षेत्रं बघितल्यावर एक अंगठी दिसली. एकच. माझ्या डोळ्यांतून सुटली होती. त्या मुलाच्या तोंडून सुटली नाही.

मी : आजची चाचणी असती तर कदाचित पहिल्याच दिवशी सापडली असती.

मावशी : कदाचित. पण उद्या असा एखादा जंतू येईल, ज्याची चाचणी अजून कुणाकडे नसेल. तेव्हा आपल्याजवळ तो मुलगाच असेल. आमच्याकडे पैसे घेऊन रक्त विकणारे दाते होते. सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झाले. त्यांना काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "काही नाही बाई, तब्येत एकदम ठीक." कारण खरं बोलले तर त्या दिवशी चूल पेटणार नव्हती. त्यांना मी दोष देत नाही. पण तेव्हा कळलं, की खरं बोलून नुकसान होणार असेल तर माणूस खरं बोलत नाही.

मी : मावशी, हेच तर! तुझंच वाक्य घे. आज मी पुण्याचं नाव घेतलं आणि मला परत पाठवलं. पुढच्या वेळी एखादी म्हणेल, कशाला सांगा? पण मी पुण्याचं नाव घेतल्यावर ते म्हणाले असते, बरं झालं सांगितलंत, एक नळी जास्त घेतो, तर खरं सांगणं सोपं झालं असतं. गेल्याच महिन्यात, जानेवारीत, एफडीएनं नेमका असा मसुदा मांडलाय. धोक्याच्या देशात राहिलेल्या किंवा जाऊन आलेल्या दात्याला दारातून परत पाठवण्याऐवजी त्याचं रक्त या नव्या चाचणीनं तपासा. म्हणजे प्रश्न राहतोच. त्याचं उत्तर मिळाल्यावर पुढं काय करायचं, ते बदलतं.

मावशी : असं असेल तर माझी हरकत नाही. प्रश्न काढून टाकून मशीन आणू नका, एवढंच माझं म्हणणं होतं. पण खर्च? प्रत्येक पिशवीला?

मी : प्रत्येक नाही. ज्यानं हो म्हटलं त्याच्याच. ब्रिटन आणि फ्रान्समध्ये प्रवास केलेल्यांची प्रतिपिंडांची चाचणी करून त्यांना लवकर परत घेण्याची पद्धत कित्येक वर्षं आहे. आणि या काउंटीलाच असा वारसा आहे. १९८३ मध्ये एड्सचा विषाणू रक्तात शोधणारी चाचणी नव्हती. तेव्हा पालो आल्टोच्या स्टॅनफर्ड रक्तकेंद्रात डॉक्टर एंगलमन यांनी पांढऱ्या पेशींच्या प्रमाणावरून रक्त तपासायला सुरुवात केली. बाकीच्या रक्तपेढ्या तयार नव्हत्या. त्यांनी नुसत्या प्रश्नावर भागवलं नाही.

मावशी : आणि प्रश्न सोडलाही नसेल. चाचणी आली म्हणून दात्याशी बोलणं बंद करणारी रक्तपेढी मी तरी चांगली म्हणणार नाही.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मावशीनं फोन मागितला आणि माझ्या कॅलेंडरमध्ये पुढच्या रक्तदानाची तारीख स्वतः लिहिली. मी नागपूरच्या मुलाला निरोप पाठवला, की प्रक्रिया करून जंतू निष्क्रिय केलेल्या प्लेटलेट आणि प्लाझ्मासाठी मलेरियाची थांबण्याची मुदत पाळायची गरज नाही, असं याच नियमांत आहे. तशी सोय जवळ कुठं आहे, ते विचार. तोवर आलेल्या दात्यांना सरबत-बिस्किटं देण्याच्या कामाला तर कुणाचीच ना नाही. तो पुढच्या शिबिराला त्या टेबलावर बसला.

१२ एप्रिलला, शनिवारी, मी रक्त द्यायला गेले. मावशी बरोबर होती. तोच प्रश्न आला. मी पासपोर्ट उघडून शिक्क्यावरची तारीख दाखवली. मला वाटलं होतं या वेळी मन खट्टू होईल, पण झालं नाही. प्रश्न माझ्या देशाबद्दल नव्हता, पुढच्या बिछान्यावरच्या माणसाबद्दल होता, हे आता मला माहीत होतं. सुई लागली, पिशवी भरू लागली, बाजूला तपासणीच्या नळ्या भरल्या. तिथल्या मुलीनं एकेक नळी हलकेच उलटीसुलटी केली, आतलं औषध रक्तात मिसळावं म्हणून. मावशी खुर्चीवरून बघत होती. तिचा उजवा हात मांडीवर तसाच हलत होता.

निघताना तिनं मला त्या मुलीला विचारायला लावलं, की यातली मलेरियाची नळी कोणती. मुलगी म्हणाली, मलेरियाची यात नाही, अजून.

गाडीत बसल्यावर मावशीनं तो शेवटचा शब्द पुन्हा विचारून घेतला. "अजून म्हणाली ना ती?" मी हो म्हटलं.